काळं पडलेलं कोरं कापड

रविवारी कोन गावच्या रस्त्यालगतच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. बाहेर कंटेनरचे भोंगे, आत ऊद-धुपाचा एवढा धूर की शेजारणीचं तोंड दिसू नये. मधोमध पाटावर अनंता बुवा. पूर्वी हा कुठल्याशा दवाखान्यात मलमपट्टी करायचा. तिथून हाकलला गेला आणि आठवडाभरात देवीनं त्याला जवळ केलं. देवीला नेहमी बेकार माणसंच कशी सापडतात, कोण जाणे.

"छातीत गाठ हाय तिनं पुढं या! बाकीच्यांनी मोबाईल बंद करा. देवीला इटाळ होतो!"

गुणाबाई पुढे झाली. तिचा नवरा नामा यानं आणलेलं कापड तिनं बुवासमोर ठेवलं. देवीला कोरंच चालतं, हे काय सांगायला हवं? पाण्यात न बुडालेलं, लूमवरून थेट उतरलेलं. नामा भिवंडीत सायझिंगच्या कारखान्यात होता. विणण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या, सुताला ताठ करायला लावायची खळ शिजवण्यात त्याची उमर गेली होती. देवीचं काम म्हणून त्यानं ओळखीच्या लूमवाल्याकडून चांगला ताठ तुकडा मागून आणला होता.

बुवाच्या बायकोनं गुणाबाईला पडद्याआड नेलं. तांब्यातलं पिवळसर तीर्थ छातीला चोळलं, वर ते कापड दाबलं, आणि बाहेर येऊन उंच धरलं. कापड काळंनिळं झालं होतं.

"आई गं!" सगळी शेड हादरली.

"जहर! करणीचं जहर उतरलं!" बुवा ओरडला. "बाय, ती गाडीवाली डाक्टरीण काय बोलली तुला?"

"फोटोत नीट कळत न्हाय, बोलली. ठाण्याला सोनोग्राफी करा, लागलीच तर सुई घालून बघू, बोलली."

"ऐका! एवढं मोठं यंत्र, आन कळत न्हाय! अगो, आजार असता तर दिसला असता. करणी येती का फोटोत? आन सुई टोचली का ती चवताळती, अंगभर पळती!"

गुणाबाई कशेळीच्या गोडाऊनमध्ये खोकी भरायची. तिथंच छातीचा फोटो काढणारी तपासणीची गाडी आली होती. ज्यांना 'काही नाही' सांगितलं त्या घरी गेल्या. ज्यांना 'आहे' सांगितलं त्या रडत रडत का होईना, इस्पितळात गेल्या. ज्यांना 'कळत नाही, पुन्हा तपासा' सांगितलं, त्या बुवाच्या वाट्याला आल्या. त्याचं सगळं पीक या मधल्या बायांवर होतं.

"हेच कापड घरी ने," बुवानं सांगितलं. "कडुलिंबाच्या पाण्यात खळाखळा उकळ, पांढरं कर, पुढच्या रविवारी घेऊन ये. जहर कमी होतंय का न्हाय, डोळ्यांनी बघ."

पुढच्या रविवारी पुन्हा तीर्थ चोळून तेच कापड दाबलं, तर डाग फिका आला. त्याच्या पुढच्या रविवारी नुसता पिवळा. "गेलं!" बुवा म्हणाला. गुणाबाईनं आळीभर गूळ-खोबरं वाटलं. ठाण्याचा विषय संपला. गाठ मात्र होती तिथं होती. विचारलं की बुवा म्हणे, "ते नुसतं टरफल हाय." त्या टरफलासाठी दर अवसेला तीर्थ लावणं चालू राहिलं.

वर्ष उलटता उलटता छातीची कातडी आत ओढली गेली, काखेतही गाठ लागली. मग नामा तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर जागृतीनं तपासताना पोलक्यावरचा तपकिरी डाग हुंगला.

"मावशी, हे काय?"

"तीर्थ हाय देवीचं."

"कुठली देवी आयोडीन वाटते?"

नामानं सगळं सांगितलं. कोरं कापडसुद्धा.

"काका, तुम्ही काम काय करता?"

"सायझिंगला. खळ शिजवतो."

"कशाची?"

"मक्याच्या स्टार्चची."

डॉक्टरनं नामाचा डबा उघडायला लावला आणि जखमेच्या औषधाचा, आयोडीनचा, एक थेंब भातावर टाकला. भात काळानिळा झाला.

"या भातावर कुणी करणी केली, काका?"

नामानं डबा जवळ ओढून भात निरखला.

"भातात स्टार्च, खळीत स्टार्च. आयोडीन लागलं की काळं पडणारच. उकळून खळ निघून गेली, मग कापड कशाला काळं पडेल? विष उतरलं नाही, तुमची खळ उतरली."

ज्या खळीनं घर चालवलं, तीच स्वतःच्या हातानं बुवाकडे पोचवली होती. नामानं डबा झाकला. तो भात त्यानं गटारात ओतला.

गुणाबाईच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर एका रविवारी तो एकटाच कोनला गेला. बुवाचं सुरू होतं, "जहर! जहर!" नामानं तांब्या उचलला. सोबत आणलेल्या एका कोऱ्या तुकड्यावर तीर्थ ओतलं. तुकडा काळा.

"याला कुणाची छाती लागली, बुवा?"

मग आपल्या डब्यातल्या भातावर ओतलं. भात काळा. धुतलेल्या फडक्यावर ओतलं. फडकं पिवळं.

"नास्तिकाचा हात लागला!" बुवा किंचाळला. "तीर्थ बाटलं!"

"बाटलं न्हाय. दवाखान्यातलं हाय. तू तिथनंच आणलंस."

मागून एक म्हातारी म्हणाली, "पर माझ्या सुनेला गुण आला ना रं?"

"तुझ्या सुनेची गाठ साधी असंल, आजी. लई जणींची साधीच असती. ती बुवाकडं न येता बी साधीच राहिली असती."

रंगूबाई गुणाबाईबरोबरच खोकी भरायची. तिलाही गाडीवालीनं 'कळत नाही' सांगितलं होतं. तिनं ओटीतलं कोरं कापड चाचपलं आणि विचारलं, "गुणाला सुई घातली का?"

"घातली."

"मंग? कळलं?"

"आता कळलं. कॅन्सर हाय. हाडात गेलाय."

बुवाची बायको पडदा गुंडाळू लागली. तरी चार-पाच बाया जागच्या हलल्या नाहीत. त्यांना अजून तीर्थ हवं होतं.

रंगूबाई उठली, रस्त्यावर आली आणि तिनं ठाण्याच्या गाडीला हात केला. बायांनो, तुम्हीही तेच करा. डॉक्टर 'कळत नाही' म्हणाली, म्हणजे ती हरली नाही आणि तुम्ही सुटलाही नाहीत. तपासणी अर्धी झाली आहे, एवढंच. उरलेली अर्धी करून घ्या. सुईनं काही पसरत नाही. पसरतं ते बुवाकडे घालवलेल्या दिवसांत.