सिंकखालची निळी बादली

माणसाने ज्या दिवशी पहिल्यांदा परक्या माणसाला बोलावून आपल्या घरचा नळ दुरुस्त करून घेतला, त्या दिवशी संस्कृतीच्या ऱ्हासाला सुरुवात झाली. हा सिद्धांत दुरुस्तेकाकांचा. तो त्यांनी बायकोला ऐकवला तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या सिंकखाली उताणे पडले होते आणि त्यांच्या डाव्या कानात पाणी जात होतं.

दुरुस्ते हे त्यांचं आडनाव नव्हे. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी इमारतीतल्या घंटा, कड्या, इस्त्र्या आणि एकदा तर न बिघडलेलं घड्याळसुद्धा दुरुस्त केलं, तेव्हा शेजाऱ्यांनी हे नाव त्यांना बहाल केलं. काकांनी ते पदवीसारखं स्वीकारलं. काकू ते नाव घेताना जरा लांबवायच्या, एवढंच.

तर त्या दिवशी काकांनी नळाचा सांधा बदलला. आट्यांवर पांढरी टेप सढळ हाताने गुंडाळली, फक्त उलट्या बाजूने. त्यामुळे सांधा आवळावा तशी ती सुटत गेली. थेंब काही थांबेना. "नवा आहे, रुळेल," काका म्हणाले. घरातली बादली सिंकखाली मावेना, म्हणून खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडून त्यांची छोटी निळी बादली मागून आणली. संध्याकाळी परत देतो, असंही सांगून आले.

ती संध्याकाळ लांबली. मग वहिनींचाच निरोप आला, भाऊजींनी जरा खाली येऊन भिंत बघून जावी.

वहिनी एकट्या राहायच्या. लेक आणि जावई रविवारी जेवायला येत, तेवढीच घरात वर्दळ. काका विजेरी घेऊन गेले. स्वयंपाकघराच्या भिंतीला छताजवळ ओल आली होती, रंगाचे पोपडे सुटले होते आणि ओट्यावर थेंब पडत होते. ते झेलायला वहिनींनी एक पातेलं, एक डबा आणि चहाचं भांडं मांडून ठेवलं होतं. काकांनी भिंतीला बोट लावलं आणि वर पाहिलं. बरोब्बर वर त्यांचं सिंक होतं. बादलीत न पडणारं पाणी फरशीमागून भिंतीत उतरत होतं.

"भाऊजी, तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे हो," वहिनी म्हणाल्या.

या वाक्याने घात केला. त्याच भिंतीवर जावयाने नुकतीच एक फळी बसवली होती. काकांची नजर फळीवर गेली आणि जीभ नजरेच्या मागोमाग गेली. भिंतीतल्या पाइपात ड्रिल घुसलेलं दिसतंय, असं ते म्हणाले. वर, हल्लीच्या मुलांना घाई फार, असंही म्हणाले. हे दुसरं म्हणायची काहीच गरज नव्हती.

पुढचं सगळं रीतसर झालं. वहिनींनी लेकीला फोन केला, मायलेकींची जुंपली. यापुढे तुझ्या घरात तो खिळासुद्धा ठोकणार नाही, असं लेकीने सुनावलं आणि रविवार सुना गेला. जावयाने मात्र मनाला लावून घेतलं. बिचाऱ्याने आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी ठोकलं होतं, आणि ते सरळ बसलं होतं. तो कामावरून परस्पर येऊन फळी काढून गेला, भोकं सिमेंटने बुजवून गेला. थेंब चालूच. मग तो सिमेंटने माखलेल्या हातांनी काकांच्या दारात उभा राहू लागला. "काका, तुम्ही सांगाल तसं करतो." काका दार अर्धवट उघडून, अंगाने आडोसा करून सल्ला द्यायचे. आत या म्हणायची सोय नव्हती, आत बादली होती.

एकदा काकांना सहन होईना, तेव्हा त्यांनी सिंकचा कॉकच बंद करून टाकला. खाली थेंब थांबला. जावई जिना चढून धावत आला आणि सिमेंटने काम केलं म्हणून त्याने काकांना वाकून नमस्कार केला. पुढे काकूंना भांडी घासायची होती. कॉक उघडला, आणि त्या पोराचा आनंद पुन्हा चहाच्या भांड्यात टपकू लागला. त्या दिवशी काकांनी अर्ध्या जेवणातच ताट बाजूला सारलं.

"प्लंबरला बोलावू का?" काकूंनी विचारलं.

काका म्हणाले, तो पिशवी घेऊन जिना चढेल, वहिनींचं दार सदा उघडं असतं, काय समजायचं ते त्या समजतील.

"मग त्याला खिडकीतून घेऊ या," काकू म्हणाल्या. थोड्या वेळाने ताट पुसता पुसता म्हणाल्या, "खाली सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा. एवढं एक काम मी दुसऱ्याकडून करून घेणार नाही."

पुढच्या रविवारी जावई हातोडा-छिन्नी घेऊन आला. भिंत फोडून पाइप गाठायचाच, असं त्याने ठरवलं होतं. धुरळ्यासाठी डोळ्यांवर पोहायचा चष्मा चढवून तो स्टुलावर उभा राहिला. लेक हाताची घडी घालून दाराशी. वहिनींनी ओटा चादरीने झाकला होता, मधोमध भांड्यापुरती जागा सोडून. कुठे फोडायचं ती खूण करायला जावयाने काकांच्या हातात पेन्सिल दिली.

काकांनी पेन्सिल भिंतीला टेकवली आणि तशीच धरून ठेवली.

"कुणाकडे प्लंबरचा नंबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"प्लंबर कशाला, तुम्ही आहात ना," लेक म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"माझ्याकडे हवाय. पाइप फुटलेला नाही. फळी ठीकच होती. पाणी माझ्या सिंकचं आहे." मग भिंतीकडेच बघत ते म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं." हे इतक्या हळू की लेकीने "काय?" विचारलं, आणि त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं.

जावयाने चष्मा कपाळावर सरकवला. आपण बुजवलेल्या भोकांवरून बोट फिरवलं. "म्हणजे मी काही फोडलं नव्हतं?" तो म्हणाला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा चक्क उजळला होता.

काकांनी जिना उतरताना माफीचं भाषण जुळवून ठेवलं होतं. त्यात मोठेपणाची हाव होती, उतारवय होतं, विश्वासावर दोन चांगली वाक्यं होती. त्यांनी घसा साफ केला. "वहिनी, माणूस जेव्हा स्वतःलाच..."

वहिनींनी चहाचं भांडं उचललं, पाणी सिंकमध्ये ओतलं आणि भांडं पुन्हा थेंबाखाली ठेवलं.

"ते सांगा सावकाश," त्या म्हणाल्या. "आधी आमची बादली तेवढी खाली आणून द्या, भाऊजी. कधीपासून चहा कढईत करतेय."