महालक्ष्मीला घर दाखवताना

रागिणीला गप्प कसं बसवायचं, हे अकोल्याच्या तिच्या माहेरी कुणालाच जमलं नव्हतं. भाजीवालीशी, एसटीच्या कंडक्टरशी, अंगणातल्या मांजरीशीसुद्धा तिचं काही ना काही चाललेलं असायचं. अशी बाई अमरावतीच्या आपल्या घरात पोटच्या मुलीशी मोजूनमापून बोलते, असं कुणी सांगितलं असतं तर माहेरच्यांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

झालं ते असं. आकांक्षा पहिलीत असताना शाळेतल्या मॅडमनी रागिणीला बोलावून घेतलं. मॅडम स्वभावानं चांगल्या होत्या. मुलगी हुशार आहे, पण इंग्रजी बोलताना मधेच घरचे शब्द घालते, तर घरीही इंग्रजीच बोलत चला, असं त्यांनी गोडीत सांगितलं. रागिणीचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी प्रश्न आला की घशाला कोरड पडायची, ती तिला आठवली. आपल्या पोरीवर ती पाळी यायला नको, म्हणून तिनं घरात मराठी बंदच करून टाकली. नवरा गजेंद्र बँकेत होता, त्याला इंग्रजीचं काही वाटत नसे. अडचण होती ती हिचीच.

कारण रागिणीजवळ होतं ते इंग्रजी कामापुरतं. कम, सिट, ईट, ब्रश युवर टीथ, फिनिश युवर होमवर्क. हुकूम सोडायला तेवढं भरपूर झालं, पण लाड करायला, चिडवायला, उगाच काहीबाही सांगत बसायला ते कुठून पुरणार? बघता बघता आकांक्षाच्या घरात आईच्या जागी आणखी एक मॅडम आली, आणि हिला तर शाळेतल्या मॅडमइतकंही बोलता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात पोर शाळेतून रडत आली. जिवाभावाची मैत्रीण तिला सोडून दुसऱ्या मुलीजवळ बसायला लागली होती. ती इंग्रजीत भडाभडा सांगत होती आणि रागिणीला त्यातलं निम्मं कळत होतं. आपल्या बोलीत असतं, तर तिनं पोरीला मांडीवर ओढून त्या मैत्रिणीची अशी नक्कल केली असती की रडणारी हसत सुटली असती. पण तोंडातून निघालं, "डोन्ट क्राय. वॉश युवर फेस." आकांक्षानं निमूटपणे तोंड धुतलं आणि बाबांची वाट पाहत खिडकीत जाऊन बसली. रागिणी कणीक मळत राहिली. लेक हातची चालली आहे, हे तिला त्या दिवशी स्वच्छ कळलं. कळूनही ती मराठी बोलली नाही. आपल्यामुळे पोरीचं नुकसान झालं, असं उद्या कुणी म्हणायला नको, ही एकच भीती तिला धरून होती.

भाद्रपदात महालक्ष्म्यांसाठी सगळे तेल्हाऱ्याला गेले. गजेंद्रचं घर तिथलं, शेतीवाडीचं. दरवर्षी ज्येष्ठेचा मुखवटा सासूबाई, जमुनाबाई, आत आणायच्या आणि कनिष्ठेचा थोरली जाऊ सुभद्रा. यंदा सासूबाईंचा खांदा धरला होता, म्हणून ज्येष्ठा रागिणीच्या हाती आली. आता या घराची एक रीत होती. महालक्ष्मी म्हणजे माहेरी आलेली लेक. उंबऱ्यातून थेट मखरात नेऊन बसवायचं नाही. आधी घरभर हिंडवायचं, एकेक खोली दाखवायची, वर्षभरात काय काय झालं ते सांगायचं. मुकाट्यानं दाखवलं तर तिला परक्यासारखं वाटतं, असं सासूबाई सांगत.

उंबऱ्याशी मुखवटा हातात धरून रागिणी घुटमळली. आकांक्षा तिचा पदर धरून शेजारीच उभी होती. पोरीसमोर कसं बोलायचं, या विचारात तिनं नवऱ्याकडे पाहिलं. सासूबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं, "तुमची शाळा अमरावतीले ठेव, बाई. लक्ष्मीले इंग्रजी येत नाही."

मग त्यांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कोण आली? रागिणीनं महालक्ष्मी आली म्हणून सांगितलं आणि कुंकवाच्या पावलांवरून ती आत शिरली. पहिल्या खोलीत तिचा आवाज चाचरला. दुसऱ्या खोलीत मोकळा झाला. स्वयंपाकघरापर्यंत पोचली तेव्हा तर तिला कुणाचं भान उरलं नव्हतं.

"हे पाय माय, हे यंदाचे मूग. ओले हायेत अजून, पाय जपून टाक. अन ही चूल. गॅस आला तरी आईनं मोडू देली नाही. माह्या पयल्या सणाले मी याच चुलीवर पुरण करपवलं होतं. आईनं गुपचूप गाईले चारलं, कोणाले सांगतलं नाही."

मागे सुभद्रा हसली. सासूबाईही पदराआड हसल्या. गाई झाल्या, विहीर झाली, यंदा पाऊस लांबला त्याचं गाऱ्हाणं झालं, कपाशीला फुलं धरली तेही सांगून झालं. मखरात मुखवटा बसवून रागिणी बाजूला झाली, तेव्हा तिला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं. सासूबाई आरतीच्या वाती वळायला बसल्या.

आकांक्षानं रागिणीचा हात ओढला. "मम्मा, डू यू लाइक हर मोर?"

एवढं इंग्रजी रागिणीला पुरतं समजलं. देवी जास्त आवडते का, असं पोर विचारत होती, आणि का विचारत होती तेही उघडच होतं. उत्तर द्यायला तिच्याजवळ इंग्रजी नव्हतं, आणि असतं तरी त्या घडीला तिला ते नकोच होतं. तिनं पोरीला कडेवर उचललं. आठ वर्षांची पोर, चांगली जड झालेली.

"चाल," ती म्हणाली, "तुलेबी घर दाखवतो."

उंबऱ्यापासून तिनं पुन्हा सुरुवात केली. ही पडवी, इथं तुझ्या बाबानं लहानपणी कुत्र्याचं पिल्लू लपवलं होतं. हे मूग, ही चूल. पोर गळ्यात हात टाकून ऐकत होती, एकही प्रश्न न विचारता. धान्याच्या खोलीच्या दारात मात्र ती एकदम म्हणाली, "अन इथं तू रडली होती."

रागिणी थांबली.

"नवी नवी आली होती तवा," आकांक्षा सांगू लागली. "पौर्णिमा मावशीची याद आली म्हनून पोत्याईच्या मांगं बसून रडली. मंग आजीनं तुले गूळ अन शेंगदाने देले."

शब्द रागिणीचेच होते. हेलही तिचाच, अस्सल अकोल्याचा. हे पोरीला कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं.

"तूनंच. मावशीले फोनवर सांगून राहिली होती."

दुपारी बहिणीशी बोलताना रागिणी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. घरची बोली पोरीच्या कानावर पडू नये म्हणून.

"मी दाराच्या भाईर बसतो न," आकांक्षा म्हणाली. "रोज. तू तिच्यासंगं बोलते, ते मले आयकाले आवडते."

रागिणी पोरीला घेऊन तिथेच उंबऱ्यावर बसली आणि रडू लागली. आकांक्षानं आपल्या फ्रॉकच्या घेरानं तिचे डोळे पुसले. आतून सासूबाईंनी आरतीसाठी हाक मारली, मग बहुधा डोकावून पाहिलं असावं, कारण दुसरी हाक आली नाही.

"आता दाराच्या भाईर नोको बसत जाऊ, माय," रागिणी म्हणाली. "अंदर येत जाय."