दहाच्या घराची हातोडी

तू फक्त ऐक बे भागवत, मधात बोलू नको.

जळगाव जामोदले अर्जुनमामाची मिरचीची अडत हाये ना, तिथं ते जुनं छापायचं कॅल्क्युलेटर हाये. दोन विटांएवढं जड. बटन दाबलं का कटकट करत कागदाची पट्टी बाहेर. शेतकरी तेच पट्टी मागते, मोबाईलवर वजनाची बेरीज दाखवली तं मानत नाई.

तं त्याच्यात दहाचं घर छापूनच नाई राह्यलं. एकशे पंचेचाळीस किलो मिरची, पट्टीवर एक अन् पाच, मधात भोक. एक जन म्हने, "मामा, चाळीस किलो तुमीच खाल्ली काय?" मामाचा पोरगा प्रेम म्हने, "बाबा, भंगारवाला दारात उभा हाये, देऊन टाका." मामा नुसतं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं मशीन पुसत राह्यले.

मंग मले राहवते काय? मी आयटीआयचा. म्हनलं, मामा, एक घंटा द्या.

खोललं. मले वाटलं सारं सर्किटच असन. तं आत मोटर, अन् मोटरवर फिरनारं लाटन्यासारखं लोखंडी डरम. डरमवर हरेक घराचे शून्य ते नऊ आकडे उठावदार. मधात शाईची फीत, कागदाच्या मांगं बारीक बारीक हातोड्यांची रांग. डरम फिरतच राह्यते, पायजे तो आकडा समोर आला का हातोडी टक्‌कन मारते. काय डोकं लावलं असन बे बनवनाऱ्यानं!

दहाच्या घराची हातोडी अडकेल होती. हात लावाले गेलो तं तिची स्प्रिंगच उडून पोत्यायमंधी गेली. प्रेम म्हने, "झालं, आता किलोनं जाईन." मामाचं तोंड उतरलं. मी अन् शालूमामी शिंकत शिंकत मिरचीची पोती हालवून राह्यलो. सापडली बाप्पा, मामीलेच सापडली.

मंग चिमट्यानं हातोडीखालून ओढलं, तं काय निंघालं? तांदूळ. कुंकवानं लाल झालेला. मामा दर दसऱ्याले मशीनची पूजा करते ना, वरच्या फटीतून अक्षता आत जाऊन राह्यल्या होत्या.

स्प्रिंग लावली, झाकन लावलं, बटन दाबलं. एक, चार, पाच. सारं छापलं. माह्या जीवात जीव आला. मामा भंगारवाल्याले म्हने, "जाय बाप्पा, इथं तुह्यासाठी काई नाई." अन् हासले, कधीचे नाई हासले असे.

मंग मशीनले हात जोडून म्हने, "देवानं वाचवलं रे अविनाश. शालू, पूजेचं ताट आन."

मामीनं आनलं. मामानं मूठभर अक्षता घेतल्या. अन् माह्या मुठीत तो लाल तांदूळ, मामाले अजून न दाखवलेला. मामा इतके खुश, डोळे भरून आलेले.

सांग बे, तू काय केलं असतं?