नेसाची घंटा

सकाळी साडेसातला हित्शच्या स्वयंपाकघरातला फोन वाजला. पलीकडे योरी होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"नेसा गेली," योरी म्हणाला. "पहाटे. अकराला घंटा वाजव."

"वाजवतो," हित्श म्हणाला, आणि पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

बायको गेल्याचं सांगायला योरीला एवढेच शब्द पुरले. हित्शने कॉफीचा कप उचलला, पुन्हा खाली ठेवला. आणि मग त्याला आजचा वार आठवला. बुधवार. जागतिक आर्थिक परिषदेचा आठवडा.

दावोसमध्ये वर्षाचे एक्कावन्न आठवडे माणसं राहतात आणि एक आठवडा पाहुणे. त्या आठवड्यात खाटीक आपलं दुकान कुठल्याशा देशाला भाड्याने देतो आणि सॉसेज गॅरेजमधून विकतो. दातांचा डॉक्टर खुर्ची उचलून तळघरात ठेवतो आणि त्याच्या दवाखान्यात बँकवाले शॅम्पेन पितात. नावं ठेवायची कोणी? सगळ्यांचेच हात त्याच तुपात. वरच्या आळीतलं छोटं चर्चसुद्धा एका संगणकवाल्या कंपनीकडे जातं, आणि करारात लिहिलेलं असतं की सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घंटा वाजणार नाही, कारण वक्त्यांना व्यत्यय येतो.

चर्च भाड्याने द्यायचा ठराव अकरा वर्षांपूर्वी एका मताच्या फरकाने पास झाला. ते मत हित्शचं. चर्चचं छप्पर गळत होतं, आणि घंटेची दोरी हातात धरणाऱ्या माणसाच्या डोक्यावरच पहिलं पाणी पडतं. योरी तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला होता, "आज बाकं दिलीस, उद्या घंटा देशील." झालं. तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. नेसा मात्र दर शनिवारी हित्शच्या दारात सहा अंडी ठेवून जायची. "तुमचं भांडण तुमच्यापाशी. माझ्या कोंबड्यांना त्यात ओढू नका," म्हणायची.

गावात कोणी गेलं की त्याच दिवशी अकराला घंटा. बाईसाठी दोन फेऱ्या, पुरुषासाठी तीन. घंटेआधी ती बातमी घंटा वाजवणारा आणि पाद्री सोडून गावात कोणाला सांगत नाहीत. आणि गेलेल्या माणसाच्या खोलीची खिडकी उघडून ठेवतात, ती घंटा थांबेपर्यंत लावायची नाही. जाणाऱ्याला कोंडून ठेवलं असं होऊ नये म्हणून.

बाहेर उणे सोळा होतं. योरी एक्क्याऐंशी वर्षांचा, छाती फुटक्या भात्यासारखी. गेल्या हिवाळ्यात दोन महिने इस्पितळात होता. सगळं गाव त्याच्याच घंटेची वाट पाहत होतं. नेसाकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

हित्श आधी पाद्रीणबाईंकडे गेला. सेराइना तरुण होती, मनाने चांगली होती, आणि करारावर सही तिचीच होती.

"हित्शकाका, सहानंतर वाजवू ना. मी स्वतः येते."

"सहापर्यंत तो खिडकी उघडी ठेवेल."

"मग त्यांना कळवू, लावून घ्या म्हणून."

"तुम्ही कळवा. तुमचं ऐकतो का बघा."

सेराइनाने चारदा फोन लावला. योरीने एकदाही उचलला नाही.

मग हित्श चर्चच्या दारात गेला. आत बाकांवर निळ्या गाद्या घातल्या होत्या आणि वेदीपुढे पडदा होता. कंपनीची लॉरेन नावाची मुलगी कानात यंत्र घालून उभी होती. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत खरोखर वाईट वाटलेलं दिसलं, आणि त्यामुळे हित्शला तिच्यावर ओरडताही येईना.

"सर, अकराला आमचं चर्चासत्र आहे. विश्वास या विषयावर. फार मोठी माणसं आहेत. किती वेळ वाजते?"

"पाच मिनिटं."

"रेकॉर्ड करून बाहेर हळू आवाजात लावता येईल का?"

"त्या घरापर्यंत ऐकू जायला हवी," हित्शने डोंगराकडे बोट दाखवलं.

"मी वर विचारते," ती म्हणाली. तिचं वर म्हणजे झुरिक होतं.

अकराला पाच मिनिटं कमी असताना हित्श चर्चलगतच्या कबरस्तानात उभा होता. तिथून योरीचं घर सरळ दिसतं. पांढऱ्या उतारावर लाकडी घर आणि वरच्या मजल्यावर उघड्या खिडकीचा काळा चौकोन. झुरिकहून उत्तर आलं नव्हतं. घंटाघराची किल्ली त्याच्या खिशात होती, मुठीत धरून धरून गरम झालेली. अकरा वाजले. मग अकरा पाच. त्याने घंटा वाजवली नाही.

चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कबरींवरची ओळखीची नावं वाचवेनात.

त्यानंतर त्याचा पाय एका जागी ठरेना. तो बेकरीत गेला आणि नको असलेला पाव घेतला. परत कबरस्तानात. खिडकी उघडीच. बसथांब्यापर्यंत गेला, तिथे पोलिसाने ओळखपत्र विचारलं, तो मागे फिरला. खिडकी उघडीच. पुन्हा बेकरीत.

"अरे, पिल्लू हरवलेल्या मांजरीसारखा काय फिरतोयस?" बेकरीवाली उर्सिना म्हणाली. "मघाशीच नेलास ना पाव?"

"भूक लागलीय."

"मग खा तरी. काखेत धरून पोट भरतं होय?"

तिला सांगावं असं फार वाटलं. नेसा तिची मैत्रीण. पण घंटेआधी सांगायचं नसतं, आणि घंटा तर त्याच्याच खिशात अडकून पडलेली.

साडेबाराला तो पुन्हा कबरस्तानात आला. खिडकीत आता योरी दिसत होता, टोपी न घातलेला, चौकटीला धरून वाकलेला. एवढ्या लांबून खोकला ऐकू येत नाही, पण खोकणारे खांदे दिसतात. हित्शने पाव भिंतीवर ठेवला, घंटाघराचं दार उघडलं, आतून कडी लावली आणि दोरी धरली.

पहिली फेरी व्यवस्थित झाली. तो थांबला, मनात नेसाचं नाव घेतलं. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर दारावर थापा पडू लागल्या. "थांबवा! लगेच थांबवा!" कोणीतरी परक्या उच्चारात ओरडत होतं. दुसरी फेरी संपली. तो थांबला. बाहेरचा म्हणाला, "हां, आता बाहेर या, आजोबा."

आजोबा. हित्शचं डोकं फिरलं. सकाळपासून गिळलेलं सगळं त्याच्या हातांत उतरलं आणि त्याने दोरी पुन्हा ओढली, अशी ओढली की वरची तुळई करकरली. मनाचं समाधान होईपर्यंत ओढली. मग घाम पुसला आणि कडी काढली.

रखवालदाराच्या मागे लॉरेन उभी होती, पांढरीफटक. आतलं चर्चासत्र थांबलं होतं. ती काही बोलणार तोच फाटकातून उर्सिना आली, पिठाच्या हातांनी, मागे गॅरेजमधला खाटीक, टोपी काढून.

"सुटला बिचारा योरी," उर्सिना म्हणाली. "नेसाचं कसं होणार आता? मी दुकानातून फोन करते तिला." ती डोळे पुसत तशीच मागे फिरली.

 हित्शने मनात मागे मोजलं. एक, दोन, आणि ती रागाची तिसरी.

वरच्या घरापर्यंत वीस मिनिटांची चढण. आज गुडघाभर बर्फात चाळीस लागली. माणसाची बायको गेली, ती पडून असताना आपण त्यालाच पोचवला. अकरा वर्षांच्या भांडणात योरीने जे जे म्हटलं ते आज खरं करून दाखवलं, आणि वर हे. अर्ध्या वाटेवर त्याने मान वर केली. खिडकी लावलेली होती.

योरी स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. अंगावर काळा कोट, शेगडी नुकती पेटवलेली. तो उठला नाही. त्याने पायाने समोरची खुर्ची सरकवली.

"बस. उर्सिनाचा फोन आला होता. नेसाचं सांत्वन करायला," तो म्हणाला. "मी उचलला. किंचाळली ती."

"योरी, माझं चुकलं. अकराला वाजवायला हवी होती, नाही वाजवली. भ्यालो. आणि वाजवली तर ती अशी."

योरी खोकला. खोकला थांबायला बराच वेळ लागला. शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं, आत पलंगाची कड आणि पांढरी चादर दिसत होती.

"मी मोजत होतो," योरी म्हणाला. "दोन झाल्या, खिडकी लावायला हात घातला, तर तिसरी सुरू."

"सहाला पुन्हा वाजवतो. नीट, दोनच. सगळ्यांना सांगतो की मघाशी चूक झाली."

योरीने मान हलवली. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तळव्याने डोळे दाबून धरले.

"सहाला तिच्या दोन वाजव," तो म्हणाला. "मघाच्या तीन म्हणजे चूक होती असं कोणाला सांगू नकोस. त्या माझ्या. बरोबरच वाजवल्यास तू."