आधी तळहात, मग डोळा

निष्काळजी माणसाच्या हातून चुका होतात, हे सगळेच सांगतात. पण काही चुका काळजीच्याच पोटी जन्मतात, आणि त्यांचं भय जास्त.

उभा जन्म लेथवर काढलेल्या एका टर्नरला निवृत्तीनंतर सूर्य बघायचं वेड लागलं. तेच वेड पुढे बायकोलाही लागलं. तिचा डावा डोळा जुन्या आजारात गेलेला. उरलेल्या उजव्यानं ती गच्चीवरच्या सौर दुर्बिणीतून लालबुंद सूर्य बघायची आणि म्हणायची, देवानं दिवा एकच ठेवला, पण वात मोठी केली.

घरात टर्नरचा एक नियम होता: आधी तळहात, मग डोळा. डोळा लावायच्या भिंगामागे हात धरून चटका बसत नाही याची खात्री करायची, मगच डोळा लावायचा. बायको हसायची. दूध कोमट आहे का बघताय, असं विचारायची. हल्ली तर ती नियम सर्रास धाब्यावर बसवायची.

दुर्बिणीचा फोकसर, म्हणजे चित्र स्पष्ट करायची सरकती नळी, जुना झाला होता. घुंडी फिरवावी तर नळी घसरे, सूर्य स्पष्ट होता होता पुसट होई. नवा फोकसर मिळाला, पण त्याचं तोंड दुर्बिणीच्या नळीला बसेना. मग टर्नरनं पूर्वीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन दोन्हींना जोडणारा ॲल्युमिनियमचा अडॅप्टर कातला, आटे पाडायचा टॅप मागून आणला आणि स्क्रूची भोकं घरीच केली. आज सकाळी अडॅप्टर असा चपखल बसला, की बायको म्हणाली, जावईसुद्धा पहिल्या दिवशी इतका निमूट बसत नाही.

सूर्य अजून शेजारच्या टाकीआड होता. टर्नर टॅप परत द्यायला निघाला. जाता जाता म्हणाला, "ऊन आलं की बघ. बिनधास्त बघ."

वर्कशॉपमध्ये मिस्त्रीनं टॅप हातात घेऊन चेष्टा केली, की आता सूर्यालाही आटे पाडणार वाटतं. टर्नर हसून पुढे वाकला आणि शर्टाच्या खिशातलं काहीतरी टणक छातीला लागलं. मऊ फडक्याची पुरचुंडी. त्यानं सोडली. आत लाल काच.

जुन्या फोकसरच्या मुळाशी बसणारी, सूर्याची सगळी आग अडवणारी ती काच. धातूच्या किसानं चरा पडू नये म्हणून काल त्यानंच ती आधी काढून, तान्ह्या पोरासारखी गुंडाळून, काळजाशी ठेवली होती. परत बसवायची राहिली.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. त्यानं बायकोला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. तिचा फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला असणार. मग तो धावत सुटला. नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, काका, गाडी चुकली का? टर्नर थांबला नाही. पायात गोळे आले. 'बिनधास्त बघ' एवढंच कानात घण घालत होतं. देवा, माझे दोन्ही घे, तिचा एक राहू दे. मनात हा एकच धावा होता.

गच्चीच्या दारात तो थबकला. दुर्बीण उन्हाकडे तोंड करून उभी होती. बायको पाठमोरी, खाली बसलेली, हात चेहऱ्याशी नेलेला.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

कोण आहे म्हणजे हिला दिसत नाही. तो दारातच मटकन बसला.

आवाज ऐकून ती वळली. उजव्या डोळ्यानं त्याला नीट न्याहाळलं आणि पुन्हा तळहातावर फुंकर घालू लागली. हाताच्या मधोमध मसुराएवढा लाल फोड होता.

"आज बरा हात धरलास," तो कसाबसा म्हणाला.

"तुम्ही बिनधास्त म्हणालात ना, तिथेच मी सावध झाले. इतकी वर्षं संसार केला, हा शब्द तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता."

त्यानं पुरचुंडी पुढे केली. काच बघून तिचाही चेहरा पांढरा पडला. मग तिनं दुर्बिणीवर टोपण चढवलं.

"बसवा आता," ती म्हणाली. "आणि मग आधी तुमचा तळहात."