टाकीपर्यंतचा सोपा चढ

"सोपा चढ आहे, गप्पा मारत जाऊ," असं साहेब म्हणाले तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. साहेब आमच्या पाणीपुरवठ्याचे मुख्य. गेल्या सहा वर्षांत त्यांनी त्या टेकडीकडे मान वर करूनसुद्धा पाहिलं नव्हतं. सोपा चढ म्हणे. पहाटे साडेचारला, हातात बॅटरी घेऊन, पाय घसरत दोनशे अकरा पायऱ्या चढायला रोज कुणी जात होतं? मी.

टेकडीवर टाकी आहे. तिथलं चाक फिरवलं की खालच्या पेठांना पाणी जातं. ते चाक फिरवण्याचं काम कागदावर मामांचं. मामा म्हणजे काही माझे सख्खे मामा नव्हेत, आमच्या खात्यातले सगळ्यात जुने, म्हणून सगळ्यांचेच मामा. मी त्यांची मदतनीस. माझं काम टाकीभोवतीचं गवत काढणं आणि कुलपांना तेल घालणं, एवढंच.

सहा वर्षांपूर्वी मामांचे गुडघे गेले. ते मला म्हणाले, "पोरी, तेवढं वर जाऊन चाक फिरव. माझी नोकरी सांभाळ, माझ्यानंतर ही जागा तुझीच. साहेबांना मी स्वतः सांगेन." मी फिरवायला लागले. मामा खाली पंपाच्या खोलीत चहा पीत बसायचे आणि वहीत सही करायचे. थंडीत माझी बोटं वाकायची नाहीत, तापात डोळ्यांपुढे अंधारी यायची, तरी एक दिवस चुकला नाही. सासूबाई विचारायच्या की पगार मदतनिसाचा आणि मरमर दुप्पट, हा कुठला व्यवहार? मी म्हणायचे, मामांनी शब्द दिलाय.

काल रात्री मामांच्या निवृत्तीचं जेवण होतं, मोठ्या हॉटेलात. गाणी झाली, भाषणं झाली. साहेबांनी उठून जाहीर केलं की मामांच्या जागी साहेबांचा स्वतःचा धाकटा मेहुणा येणार. पहाटेची वेळ, एकटीचं काम, तो चढ बाईमाणसाला झेपायचा नाही, असंही वर सांगितलं. मी मामांकडे पाहिलं. मामा ताटातल्या भाताशी खेळत मूग गिळून बसले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही हातांनी वाजवल्या, त्याची मला अजून चीड येते.

मग साहेबांना हुक्की आली की सकाळी सगळ्यांनी मिळून टाकीवर जायचं. मामांनी शेवटचं चाक फिरवायचं, मेहुण्याच्या हाती कारभार द्यायचा आणि तिथेच फोटो काढायचा.

त्यामुळे आज आम्ही चौघं निघालो. मेहुण्याचे बूट कोरे करकरीत, रात्रीच्या जागरणाने डोळे सुजलेले. थर्मास आणि सहीची वही माझ्या पिशवीत, कारण मदतनीस मी. पहिल्याच वळणावर मामा थांबले. दुसऱ्यावर बसले. काल जेवण जरा जास्तच झालं, असं म्हणाले. साहेब हसले, म्हणाले, "मामा, रोजची वाट आहे तुमची." मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी तरी कुठे पाहत होते? मेहुणा तर तिसऱ्या वळणावर चक्क विचारत होता, वर गाडी जात नाही का. आयत्या बिळावर नागोबा, आणि बीळसुद्धा टेकडीच्या पायथ्याशीच हवं.

कसेबसे वर पोचलो. पावणेसहा झाले होते. सहाला पाणी सुटतं. साहेबांनी मोबाइल काढला, मेहुण्याला शेजारी उभं केलं. मामांनी चाकाला दोन्ही हात लावले आणि सगळा जीव लावून डावीकडे फिरवलं.

जुनं चाक डावीकडे फिरवलं की उघडायचं. ते तीन वर्षांपूर्वी गंजून तुटलं. नवं बसवलं ते उलट्या आट्यांचं, उजवीकडे उघडणारं. बसवणाऱ्या मिस्त्रीबरोबर दिवसभर उन्हात मी उभी होते. मामांनी ते आज पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी जोर लावला, मग मेहुण्यानेही लावला, आणि दोघांनी मिळून चाक असं आवळून टाकलं की ते हलेनासं झालं. सहा वाजले. साहेबांचा फोन वाजायला लागला. खालच्या पेठेतून कुणीतरी विचारत होतं, पाणी का नाही.

मनात आलं, बसू दे अडकून. कळू दे एकदा. पण खाली बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांचा काय दोष? मी पिशवी खाली ठेवली, चाकाच्या दांड्यात टाकीजवळ पडलेली पहार अडकवली, दोन झटके देऊन चाक सैल केलं आणि उजवीकडे मोजून चौदा फेरे फिरवले. पाइपातून पाणी धावायला लागलं.

साहेबांनी वाजता फोन बंद केला. त्यांना कळायचं ते कळलं होतं, माणूस मूर्ख नाही. पण ते मेहुण्याला म्हणाले की चाकावर हात ठेव, फोटो घेऊ. आणि मला म्हणाले की आठ दिवस जरा याला दाखव, कसं फिरवायचं ते.

"नाही दाखवणार," मी म्हणाले.

साहेबांच्या भुवया वर गेल्या. मी त्यांच्याकडे पाठ करून मामांसमोर उभी राहिले. "मामा, शब्द तुम्ही दिला होतात. काल भाताकडे बघत बसलात. आत्ता सांगा साहेबांना."

मामा पायरीवर बसले होते, गुडघे धरून. तिथूनच म्हणाले, "साहेब, सहा वर्षं हीच चढतेय. मी खाली बसून सह्या केल्या."

साहेबांनी घसा खाकरला. हे बोलणं त्यांनी ऐकलंच नाही, असं ते म्हणाले. ऐकलं तर मामांच्या पेन्शनची चौकशी लागेल. आणि वहीत सहा वर्षं मामांचीच सही आहे, कागदावर या बाईंनी एकदाही पाणी सोडलेलं नाही, मग जागा द्यायची कशाच्या आधारावर? एवढा सरळ अन्याय मी इतक्या गोड आवाजात कधी ऐकला नव्हता.

"आजची सही अजून झालेली नाही," मी म्हणाले, आणि पिशवीतून वही काढून मामांच्या मांडीवर ठेवली. "तुमच्या पेन्शनला हात लावत नाही. मागचं राहू दे. आज कुणी सोडलं तेवढं लिहा."

साहेब म्हणाले, मामा, विचार करा. मामांनी विचार केला नाही, किंवा सहा वर्षं तोच करत असावेत. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं. तारीख टाकली. वेळ टाकली, सहा वाजून अकरा मिनिटं. पाणी सोडणाऱ्याचं नाव, या रकान्यावर पेन टेकवलं, आणि तिथेच थांबले.

मला वाटलं, घाबरले. पण त्यांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "तुझं नाव काय लिहू?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

मी मामांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि माझं नाव मीच लिहिलं, आडनावासकट, रकान्याच्या रेघा ओलांडून.