अश्लेषाचं हिंदी

“म्हंजे हिंदी खलास ना, बाई? एकदम खलास?” लहू घाडगे स्टाफरूमच्या दारातच उभे राहून विचारत होते.

“खलास,” हिंदी शिकवणाऱ्या वसुंधराबाई म्हणाल्या. “वाचण्या-लिहिण्याची अशी अडचण असेल, तर बोर्ड एक भाषा सोडू देतं. नववीपासून तिला हिंदीचा पेपर नाही.”

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत फोरमन असलेले अश्लेषाचे वडील लहू रजा टाकून आले होते. “लई उपकार झाले बाई. आम्ही उगाच तिला आळशी म्हनायचो.”

आळशी तर बाईही म्हणत. मग हिवाळ्यात शाळेने सगळ्या शिक्षकांना मस्कतला प्रशिक्षणाला धाडले, तेही शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी. बसने वाटेतले खाबुरा गाव ओलांडले तरी सगळे शाळेच्या नावाने बोटे मोडत होते, आणि त्यात बाईंचा आवाज सर्वांत मोठा. इतकी वर्षे शिकवणाऱ्याला कोण काय शिकवणार? पण सफिया नावाच्या प्रशिक्षिकेने एका मुलाची गिचमिड वही पडद्यावर दाखवली. हा मुलगा तोंडी सगळे अचूक सांगतो, असे ती म्हणाली आणि बाईंना आठवीतली अश्लेषाच समोर दिसली.

परतल्यावर त्यांनी तिला उभे करून वाचायला लावणे बंद केले. धडा स्वतः वाचायचा आणि उत्तर तोंडी विचारायचे. पोरगी अशी काही सुटली, की वर्ग पोट धरून हसायचा. धड्यातला सावकार तिच्या तोंडी थेट फोरमनसारखा बोलायचा, “ए, मेरे को टाइमपास नहीं मंगता!” बाई त्या तासाची वाट पाहू लागल्या.

अश्लेषाच्या तपासणीचा आग्रहही बाईंनीच धरला होता. अहवालात वाचनदोष निघाला. हिंदी आणि इंग्रजी या दोनातली एक भाषा सोडायची, आणि इंग्रजी तर सोडता येत नव्हते. तोंडी परीक्षा घेऊ, असे म्हणायचे बाईंच्या अगदी ओठांवर आले होते. पण दहावीचा पेपर हातानेच लिहायचा असतो. आपण हे पोरीसाठी म्हणतोय की स्वतःसाठी, हे त्यांनी स्वतःला विचारले, आणि उत्तर त्यांना मुळीच आवडले नाही. त्यांनी हिंदी सोडण्याच्या अर्जावर सही केली.

लहू गेल्यावर अश्लेषा आली.

“मिस, व्हाय हिंदी? मला ते एकच येतं.”

बाईंनी तिला शेजारच्या खुर्चीवर बसवले.

“येतं ना. ते कोण काढून घेतंय? फक्त पेपर जातोय.”

“मग मी अशीच बसू तासाला? जस्ट ऐकायला?”

“त्याच वेळी किशोरी मिस तुला इंग्रजी वाचायला शिकवणार.”

“रोज?”

“रोज, बाळा.”

ती “ओके” म्हणाली. बाईंना वाटले, भांडली असती तर बरे झाले असते.

एप्रिलमध्ये नवे वर्ष सुरू झाले. नववीच्या तासाला जाताना किशोरीच्या खोलीचे काचेचे दार लागते. अश्लेषा ओळीखाली बोट धरून वाचत होती. एका शब्दावर अडली, मागे गेली, पुन्हा अडली. बाई थांबल्या. तिने एकदा वर पाहावे, असे त्यांना फार वाटले.

तिसऱ्यांदा शब्द जमला. अश्लेषा हसली, आणि शेजारी बसलेल्या किशोरीकडे पाहत राहिली.

बाई पुढे निघाल्या. वर्ग केव्हाचा गोंगाट करत होता.